नगर ते न्यू इंग्लंड: ह्यूम कुटुंबाचं घर नेमकं कुठे होतं?

परदेशात सेवाकार्य करणाऱ्या मिशनरी कुटुंबाने मायदेशाशी नातं कसं टिकवावं, हा विषय निघाला की बोलणं हटकून व्हिडिओ कॉल आणि तिकडच्या-इकडच्या वेळेतला फरक इथपर्यंत येऊन थांबतं. निरोप जलद पोचला की प्रश्न मिटला, अशी समजूत त्यामागे असते. अमेरिकन मराठी मिशनमधल्या ह्यूम कुटुंबाची सुमारे नव्वद वर्षांची हकिगत वाचली की ही समजूत टिकत नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत टपालाचा प्रवास काही महिन्यांवरून काही आठवड्यांवर आला, तारायंत्र आलं, आगगाडी नगरपर्यंत पोचली. तरी दोन अडचणी जागच्या हलल्या नाहीत. ज्यांना घरची माणसं म्हणायचं, त्यांच्यातलीच काही पगार देणारी होती. आणि आईबापांचं घर व मुलांचं घर एकच नव्हतं. या दोन अडचणी या कुटुंबाने कशा पेलल्या, तेवढंच इथे पाहायचं आहे.

आधी नावाबद्दल एक खुलासा. काँग्रेसच्या स्थापनेशी जोडलेले अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम वेगळे, ते ब्रिटिश सनदी अधिकारी. आपले ह्यूम अमेरिकन, काँग्रिगेशनल या प्रोटेस्टंट पंथाचे, आणि नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, इतिहासात त्यांचं नाव पानोपानी येतं.

मुंबई, १८३९ ते १८५४

या मिशनची सुरुवात १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले तेव्हा झाली. नॉट तब्येतीपायी दोन-तीन वर्षांतच परतले. हॉल कधीच परतले नाहीत. १८२६ च्या मार्चमध्ये नाशिकहून येताना वाटेतच पटकीने गेले, तेव्हा त्यांची पत्नी अमेरिकेत होती. पुढे येणाऱ्या प्रत्येक मिशनरी जोडप्याला ही हकिगत ठाऊक असे. घर सोडायचं ते कायमचंच, असं मनाशी धरून माणसं बोटीवर चढत.

रॉबर्ट विल्सन ह्यूम आणि त्यांची पत्नी हॅना १८३९ मध्ये मुंबईत आले. १८४२ मध्ये नगरला सुरू झालेलं मिशनचं नियतकालिक 'ज्ञानोदय' पुढे मुंबईला हललं आणि त्याच्या संपादनाचा भार ह्यूम यांच्यावर पडला. मराठी नियतकालिकांच्या इतिहासात 'ज्ञानोदया'चा उल्लेख होतोच, पण त्याच टेबलावर त्याच हाताने न्यू इंग्लंडला, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागाला, जाणारी पत्रंही लिहिली जात होती, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

ही पत्रं दोन प्रकारची असत आणि सगळं प्रकरण समजायला हा फरक कळणं गरजेचं आहे. एक पत्र बोस्टनला, मिशनऱ्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्ड या संस्थेच्या सचिवाला. त्यात काम किती झालं, शाळांत मुलं किती, कुणाचा बाप्तिस्मा झाला, पैसे कुठे खर्ची पडले. या पत्रांतले उतारे बोर्डाच्या 'मिशनरी हेरल्ड' या मासिकात छापले जात आणि मासिक प्रार्थनासभेत मंडळीसमोर मोठ्याने वाचले जात. दुसरं पत्र आईला, भावाला, बहिणीला. कागद पातळ घ्यायचा, पान भरलं की तेच पान फिरवून आधीच्या ओळींवर काटकोनात दुसऱ्या ओळी लिहायच्या, ही त्या काळातली काटकसरीची सर्रास रीत होती. टपालाचे पैसे वाचत, वाचणाऱ्याचे डोळे मात्र दुखत. केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाणारं जहाज चार-पाच महिने घेई. सुएझवरून, म्हणजे मुंबई ते सुएझ आगबोटीने, मधे इजिप्तचा खुष्कीचा टप्पा आणि पुढे पुन्हा बोट, असं टपाल जाऊ लागल्यावर हा काळ बराच घटला. तरीही पत्र जाऊन उत्तर परत यायचं म्हणजे महिन्यांचाच हिशेब. बाळाच्या तापाची चौकशी करणारं पत्र हाती पडेपर्यंत बाळ चालू लागलेलं असे, नाहीतर त्याला पुरून महिने लोटलेले असत.

दोन प्रकारच्या पत्रांमध्ये भिंत मात्र पक्की नव्हती. घरी लिहिलेलं पत्र शेजारी वाचत, पाळकसाहेब मागून नेत, गावच्या वर्तमानपत्रातही त्यातला मजकूर येई. म्हणजे मुंबईत बसून आईला लिहिताना समोर आई दिसे आणि तिच्या मागे अख्खी मंडळी. मला वाटतं, मिशनरी कुटुंबाच्या एकटेपणाचं खरं मूळ इथे आहे. साधा नोकरदार घरी लिहिताना कंटाळा आला, चिडचिड होते, पुढचं काही सुचत नाही, असं सरळ लिहू शकतो. ज्याचं पोट त्याच वाचकांच्या वर्गणीवर चालतं, तो दुःखही नीट घडी घालून, त्याला श्रद्धेच्या चौकटीत बसवून पाठवतो. असं लिहिणारा खोटं लिहीत नसे. श्रद्धा खरीच असे. पण लिहायचं राहून गेलेलं साचत जाई, आणि ते ऐकायला जवळ फक्त बायको किंवा नवरा.

याची दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर त्या मंडळ्यांवर अन्याय होईल. मॅसॅच्युसेट्सच्या एखाद्या खेड्यात, ज्यांनी समुद्रही कधी पाहिला नाही अशी शेतकरी माणसं महिन्यातून एकदा मुंबईतल्या एका कुटुंबासाठी नाव घेऊन प्रार्थना करत. कपड्यांच्या, पुस्तकांच्या पेट्या भरून बोस्टनमार्गे पाठवत. मुलांसाठी शिवलेले कपडे पोचेपर्यंत मुलं त्यांत मावेनाशी झालेली असत, मग ते धाकट्यांच्या अंगावर चढत. रक्ताचं नातं नसलेल्या माणसांनी इतक्या लांबून इतकी वर्षं आठवण ठेवणं ही लहान गोष्ट नाही.

१८५४ मध्ये तब्येत ढासळल्याने ह्यूम सहकुटुंब मायदेशी निघाले. नोव्हेंबरमध्ये, प्रवासातच, समुद्रावर त्यांचा मृत्यू झाला. पंधरा वर्षांनी घरी निघालेला माणूस घरी पोचलाच नाही. योगायोग असा, की त्याच सुमाराला बोर्डाचे सचिव रुफस अँडरसन स्वतः हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले होते. बोस्टनच्या ज्या कचेरीला ही माणसं वर्षानुवर्षं लिहीत आली, ती कचेरी जणू स्वतःच त्यांच्या दारी आली, तेव्हा ह्यूम उलट दिशेच्या जहाजावर होते.

न्यू इंग्लंडमध्ये वाढलेली मुंबईची मुलं

हॅना ह्यूम मुलांना घेऊन अमेरिकेत उतरल्या. थोरला रॉबर्ट अ‍ॅलन, जन्म मुंबईचा, १८४७ चा. तेव्हा सात वर्षांचा. धाकटा एडवर्ड वर्षभराने लहान. मायदेशी परतलेल्या मिशनरी कुटुंबाबद्दल बोलताना आपण आईबापांच्या नजरेनेच पाहतो. आईसाठी हे घरी येणं होतं. मुलांसाठी घर सोडणं होतं. ज्या वयात माणसाला रस्ते, वास आणि आवाज कायमचे लक्षात राहतात, त्या वयात त्यांचं सगळं जग मुंबई होतं. आता भोवती बर्फ, अनोळखी आजोळ आणि वडील नाहीत.

त्या काळात बहुतेक मिशनरी कुटुंबांत याच्या उलट क्रम असे. आईबाप इकडेच राहत आणि सात-आठ वर्षांच्या मुलांना शिक्षणासाठी, तब्येतीसाठी तिकडे नातेवाइकांकडे पाठवत. दहा-दहा वर्षं भेट नाही. अशा मुलांसाठी १८६८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्नडेलला एका मिशनरी विधवेने आपलं घर उघडलं. पुढे ते वॉकर होम म्हणून नावारूपाला आलं. इकडे १९०१ मध्ये अमेरिकन मिशनऱ्यांनी कोडाईकनालला शाळा काढली, त्यामागेही मुलांना इतक्या लहान वयात समुद्रापार धाडावं लागू नये हाच हेतू होता. म्हणजे घराशी संबंध राखण्यासाठी या लोकांनी केलेली सगळ्यात मोठी सुधारणा टपालखात्यातली नव्हती, ती शाळा होती. सातव्या वर्षी मुलाला बोटीवर चढवायचं की नाही, हा निर्णय शंभर पत्रांपेक्षा जास्त परिणाम करून गेला.

ह्यूम भावांच्या बाबतीत आई सोबत होती, आणि माझ्या मते पुढचं सगळं तिथून घडलं. रॉबर्ट १८६८ मध्ये येल विद्यापीठातून पदवीधर झाला, एडवर्ड १८७० मध्ये. दोघांनी धर्मशास्त्राचं शिक्षण घेतलं आणि १८७४–७५ मध्ये दोघेही मराठी मिशनमध्येच आले, रॉबर्ट नगरला आणि एडवर्ड पुढे मुंबईला. वडिलांना ज्या कामाने समुद्रावर गाठलं, त्याच कामावर मुलं परतली. एका विधवेने घरात मुंबईबद्दल कडवटपणा शिरू दिला असता तर हे झालं नसतं. पोरकी झालेली मुलं ज्या गावाला दोष देऊ शकली असती, त्याच गावाला पुन्हा आपलं म्हणू लागली. मला या साऱ्या हकिगतीत हॅनाबाईंचं हे काम सर्वांत मोठं वाटतं.

लग्नांकडेही पाहावं. रॉबर्टची पहिली पत्नी अ‍ॅबी बर्जेस हिंदुस्थानातल्या मिशनरी घराण्यातली. ती १८८१ मध्ये गेली. दुसरी केटी फेअरबँक, नेवाशाजवळच्या वडाळ्याला उभी हयात घालवलेल्या सॅम्युएल फेअरबँक यांची मुलगी. एडवर्डची पत्नी शार्लट चँडलर मदुराईकडच्या मिशनरींची लेक. तिन्ही सुना अशा की ज्यांना दोन्ही घरं समजावून सांगावी लागली नाहीत. अमेरिकेत जेवणाच्या टेबलावर बसलेल्या केटीला वडाळ्याची आठवण आली तर शेजारी बसलेल्याला वडाळं कुठे आहे हे माहीत होतं. संबंध टिकवण्याचा हाही एक मार्ग होता: दुसऱ्या घराचा साक्षीदार घरातच असणं. त्यातून मिशनऱ्यांचं एक बंद वर्तुळ तयार झालं आणि नगरच्या ख्रिस्ती कुटुंबांशी बरोबरीचे सोयरसंबंध जुळण्याची वाट त्याने बंदच ठेवली, हा त्याचा तोटा. तो मान्य करूनच पुढे जावं लागतं.

१८८६: घरच्यांनीच वाट अडवली

आता दळणवळण पुष्कळ सुधारलं होतं. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, १८७० मध्ये मुंबईपर्यंत समुद्राखालून तार आली, १८७८ मध्ये दौंड–मनमाड रेल्वेने नगर जोडलं गेलं. त्याच १८७८ मध्ये रॉबर्ट ह्यूम यांनी नगरला धर्मशिक्षणाचं विद्यालय सुरू केलं, जिथे मराठी पाळक आणि उपदेशक तयार होऊ लागले.

मिशनऱ्याची रजा नावाचीच रजा असे. गावोगावच्या मंडळ्यांत भाषणं द्यायची, देणग्या मिळवायच्या. अशाच रजेत १८८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर सेमिनरी या धर्मशास्त्राच्या विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांच्या भोजनप्रसंगी ह्यूम बोलले. अँडोव्हरमध्ये तेव्हा एक वाद पेटला होता: ज्यांनी हयातीत ख्रिस्ताचं नाव ऐकलंच नाही, त्यांना मृत्यूनंतर ते स्वीकारण्याची संधी मिळेल का? जुन्या मतवाल्यांना हा विचार पाखंड वाटे. ह्यूम यांनी या विचाराबद्दल सहानुभूती दाखवली.

नगरमध्ये काम केलेल्या माणसाला हा प्रश्न पुस्तकी वाटणं शक्यच नव्हतं. नव्याने बाप्तिस्मा घेतलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो आपल्या मेलेल्या आईबापांबद्दल. माझा आजा कुठे गेला? त्याने तर हे नावही ऐकलं नव्हतं. बोस्टनच्या समितीला हा प्रश्न सिद्धान्ताचा होता, नगरच्या पडवीत तो आज्याचा होता. ह्यूम यांनी तो पडवीतला प्रश्न अमेरिकेच्या मेजवानीत नेला आणि तिथे वादळ उठलं. त्यांना परत पाठवावं की नाही यावर बोर्डाची कार्यकारी समिती अडून बसली. डे मॉइन इथल्या १८८६ च्या वार्षिक सभेत हा वाद गाजला. शेवटी १८८७ मध्ये परतायची परवानगी मिळाली. त्याच वर्षी केटीशी लग्न करून ते नगरला आले.

या घटनेवर मी मुद्दाम जास्त थांबतो आहे. घराशी संबंध राखा, सगळं मोकळेपणाने सांगा, असा सल्ला परदेशातल्या मिशनरी कुटुंबांना सर्रास दिला जातो. ह्यूम यांनी मोकळेपणाने सांगितलं, आणि ज्या घराला आपलं म्हटलं त्याने जवळजवळ त्यांचं दुसरं घर हिरावून घेतलं. अंतरामुळे माणसं बदलतात. बदललेल्या माणसाला घर पूर्वीच्याच रूपात मागतं, कारण घराकडे त्याचं जुनं चित्र असतं आणि वर्गणी त्या चित्रासाठी गोळा केलेली असते. आजही परदेशात दहा वर्षं काढून आलेल्या मिशनरी जोडप्याला पाठवणाऱ्या मंडळीपुढे काय बोलायचं आणि काय गिळायचं, हे ठरवावं लागतं. ह्यूम यांच्यासारखी किंमत मोजायची तयारी सगळ्यांची नसते आणि नसावीही, घरात लहान मुलं असतात. पण मंडळीत निदान दोन-चार माणसं अशी हवीत, ज्यांच्या हाती ना पगार ना मतदान, आणि ज्यांना न घडी घातलेलं पत्र लिहिता येईल.

मक्याचं जहाज

हाच संबंध दुसऱ्या वेळी किती कामाला आला, ते १८९९–१९०० च्या दुष्काळात दिसलं. लोकांच्या तोंडी तो छप्पनचा, म्हणजे विक्रम संवत १९५६ चा, दुष्काळ. मराठवाडा, खानदेश, नगर, गुजरात, सगळीकडे पाऊस फिरला, गुरं मेली, माणसं रस्त्याला लागली. ह्यूम तेव्हा अमेरिकन मदत समितीचं काम पाहत होते. चाळीस-पन्नास वर्षं मिशनऱ्यांची पत्रं वाचून ज्या अमेरिकन घरांना नगर आणि वडाळं ही नावं ओळखीची झाली होती, त्यांच्यापुढे आता आकडे आणि छायाचित्रं गेली. न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या साप्ताहिकाने वर्गणी गोळा केली आणि १९०० च्या मे महिन्यात 'क्विटो' नावाचं जहाज मक्याने भरून मुंबईकडे निघालं. ज्वारी-बाजरीवर वाढलेल्या माणसांच्या हातात अमेरिकेच्या शेतांतला मका पडला. अनाथ मुलांचा वर्षाचा खर्च तिकडच्या एकेका कुटुंबाने, एकेका रविवारच्या शाळेने उचलला. ह्यूम यांना सरकारने कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं.

एका दुष्काळाच्या बातमीवर परक्या मुलखातून जहाज निघत नाही. आधी कितीतरी वर्षं कुणी तरी मासिक प्रार्थनासभेत ती नावं उच्चारलेली असावी लागतात. वर ज्या पत्रांची मर्यादा सांगितली, घडी घातलेली, मंडळीला दाखवण्याजोगी, त्याच पत्रांनी ही जमीन तयार केली होती. माझा त्यांच्यावरचा आक्षेप कायम आहे. पण त्या मक्याने जगलेली माणसं नगरकडे होती, हेही तितकंच खरं.

याच काळात नारायण वामन टिळक नगरला होते, ह्यूम यांच्या विद्यालयात शिकवत होते. १९१२ पासून 'ज्ञानोदया'ची मराठी बाजू टिळकांकडे आली. रॉबर्ट विल्सन ह्यूम यांनी ज्याचं संपादन केलं ते नियतकालिक आता मराठी कवीच्या हाती होतं, आणि ख्रिस्ती भजन मराठी चालीत गायलं जाऊ लागलं होतं. घराशी संबंध म्हणजे अमेरिकेशीच संबंध, हे समीकरण नगरच्या मंडळीपुरतं तरी तेव्हापासून सुटू लागलं.

तिसरी पिढी आणखी पांगली. रॉबर्ट यांची मुलगी रूथ डॉक्टर होऊन नगरलाच आली आणि बायकामुलांच्या इस्पितळात तिने काम केलं. नगरला १८७६ मध्ये जन्मलेले एडवर्ड हिक्स ह्यूम डॉक्टर होऊन चीनमध्ये चांगशा इथे गेले आणि येलच्या लोकांनी चालवलेल्या येल-इन-चायना या संस्थेचं वैद्यकीय काम त्यांनी उभारलं. रॉबर्ट अर्नेस्ट ह्यूम न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीत प्राध्यापक झाले. त्यांनी केलेला तेरा प्रमुख उपनिषदांचा इंग्रजी अनुवाद १९२१ मध्ये निघाला आणि अभ्यासक तो आजही उघडतात. खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांच्या वर्गणीवर आलेल्या जोडप्याच्या वंशात एक नातू उपनिषदांपाशी पोचतो, हे त्या मंडळ्यांतल्या कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल. आता पत्रं नगर, चांगशा आणि न्यूयॉर्क अशी फिरू लागली. यांच्यातलं मूळ घर कोणतं, हे सांगणं अवघड झालं होतं.

रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम १९२६ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर, नगर सोडून गेले. अमेरिकेत १९२९ मध्ये त्यांचं निधन झालं. जन्म मुंबईचा आणि पन्नासच्या वर वर्षं काम नगरला, त्यामुळे निवृत्तीनंतर ते 'मायदेशी' गेले असं लिहिताना माझा हात अडखळतो.

अमेरिकन बोर्डाची कागदपत्रं हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. मराठी मिशनची खंडच्या खंड पत्रं त्यात आहेत, इंग्रजीत लिहिलेली, बोस्टनला उद्देशून. नगरच्या मराठी ख्रिस्ती घरांनी अमेरिकेला गेलेल्या साहेबांना आणि मडमबाईंना जी पत्रं लिहिली असतील, ती मात्र शोधावी लागतील. जिल्ह्यातल्या जुन्या मंडळ्यांच्या पेट्यांत, पाळकांच्या नातवंडांच्या माळ्यांवर कागद सापडू शकतात. हे काम मराठी वाचता येणाऱ्या माणसानेच करायला हवं, आणि तो कागद वाळवीच्या आधी हाती लागायला हवा.